रायझन ५ ३६०० सोबत नवे ग्राफिक्स कार्ड घ्यावे, की आधी प्रोसेसर बदलावा?

कोकणकडा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२० साली जुळवून घेतलेला संगणक आहे. त्यात रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, जीटीएक्स १६६० सुपर, १६ जीबी रॅम आणि ५५० वॅटचा चांगल्या प्रतीचा पॉवर सप्लाय आहे. इतकी वर्षे १०८०पी मॉनिटरवर सगळे समाधानाने चालले होते. नुकताच २५६० × १४४० रिझोल्यूशनचा (१४४०पी) १६५ हर्ट्झ मॉनिटर घेतला आणि जुन्या कार्डाची मर्यादा एकदम उघडी पडली. एकट्याने खेळताना मी मुख्यतः सायबरपंक २०७७ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ खेळतो, आणि रात्री मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट असते.

डोक्यात दोन कार्डे आहेत: एनव्हीडियाचे (जीफोर्स) आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचे (रेडिऑन) आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही १६ जीबीची. अडचण अशी की ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराचे म्हणणे असे की ३६०० ला हे कार्ड झेपणार नाही, त्यामुळे मदरबोर्ड, रॅम आणि प्रोसेसर असा सगळाच संच बदलावा. बॉटलनेक, म्हणजे एका भागामुळे दुसरा किती अडतो, ते मोजून देणाऱ्या एका संकेतस्थळावर मी दोन्ही नावे टाकली, तर त्याने तिशीच्या घरातली टक्केवारी दाखवली आणि शेजारी लाल रंगाचा इशाराही दिला. उलट माझ्या मित्राचे ठाम मत आहे की १४४०पी ला गेल्यावर प्रोसेसरचा प्रश्नच उरत नाही, तेव्हा सगळे पैसे कार्डावर घालावेत. संपूर्ण संच बदलण्याइतके पैसे माझ्याकडे नाहीत. मात्र कार्डानंतर थोडे शिल्लक राहतील. ते कुठे घालावेत, आणि मुळात प्रोसेसर आड येतो आहे की नाही हे घरच्या घरी कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फ्रेमवेडा

दुकानदार, संकेतस्थळ आणि मित्र या तिघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे: अमुक प्रोसेसर आणि तमुक कार्ड यांची एक कायमची जोडी असते आणि ती एकदाच 'जुळते' किंवा 'जुळत नाही'. प्रत्यक्षात ही जोडी प्रत्येक खेळात, प्रत्येक सेटिंगवर आणि कित्येकदा एकाच खेळातल्या दोन चौकांमध्येही वेगळी वागते. म्हणून खेळ, रिझोल्यूशन आणि सेटिंग्ज न विचारता एकच टक्केवारी सांगणाऱ्या संकेतस्थळांकडे पूर्ण दुर्लक्ष करावे. त्या आकड्याला काहीही अर्थ नसतो.

एक फ्रेम, म्हणजे हलत्या दृश्यातले एक चित्र, पडद्यावर येईपर्यंत काय घडते ते पाहू. प्रोसेसर आधी खेळाचे जग पुढे ढकलतो: कोण कुठे चालला आहे, गोळी कशाला लागली, कोणत्या पात्राचा हात कसा हलला, कोणत्या वस्तू कॅमेऱ्यासमोर आहेत. मग त्या वस्तू काढण्याचे आदेश तयार करून तो ड्रायव्हर या कार्डाच्या सॉफ्टवेअरमार्फत कार्डाकडे पाठवतो, आणि कार्ड त्या आदेशांवरून प्रत्यक्ष पिक्सेल रंगवते. ही दोन कामे एकामागोमाग होत नाहीत, ती एकाच वेळी चालू असतात. कार्ड एक फ्रेम रंगवत असताना प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो. घरात एकजण पोळ्या लाटतो आणि दुसरा भाजतो तसे हे आहे. तासाला किती पोळ्या होतील हे दोघांपैकी जो हळू आहे तोच ठरवतो, आणि दुसऱ्याला कितीही चपळ माणूस बसवला तरी संख्या वाढत नाही.

तेव्हा प्रत्येक खेळात तुमच्या संगणकाला दोन मर्यादा असतात. कार्डाची मर्यादा रिझोल्यूशन आणि चित्राच्या दर्जानुसार खालीवर होते. प्रोसेसरची मर्यादा मात्र रिझोल्यूशन बदलले तरी जवळजवळ तिथेच राहते, कारण रस्त्यावरची माणसे आणि गाड्या १०८०पी मध्ये जितक्या असतात तितक्याच १४४०पी मध्येही असतात. १०८०पी मध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि १४४०पी मध्ये सुमारे ३६.९ लाख, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे जास्त. हा वाढीव भार सगळा कार्डावर पडतो. तुमच्या मित्राचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे. पण १४४०पी मुळे प्रोसेसरची मर्यादा वर जात नाही. कार्डाची मर्यादा तिच्या खाली येते एवढेच. पुढे तुम्ही दुपटीहून वेगवान कार्ड घेतले की ती पुन्हा वर जाते आणि प्रोसेसरची मर्यादा परत समोर उभी राहते.

ओळखण्याची रीत सोपी आहे. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर चालू करून पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर आणि फ्रेमचा वेळ दाखवायला सांगा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची कमाल संख्या ठरवणारी सर्व बंधने आधी काढून टाका, नाहीतर निष्कर्ष चुकीचा निघेल. आता खेळातली एक गजबजलेली जागा निवडा, तिथे नेहमीच्या सेटिंग्जवर मोजा, आणि मग बाकी काही न बदलता रिझोल्यूशन ७२०पी वर आणून त्याच जागी पुन्हा मोजा. सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम भरपूर वाढल्या तर आधी कार्ड अडवत होते. फ्रेम जागच्या जागी राहिल्या आणि कार्डाचा वापर सत्तर-ऐंशी टक्क्यांवर आला, तर जो आकडा दिसतो ती तुमच्या प्रोसेसरची त्या जागेवरची मर्यादा. नवे कार्ड कितीही भारी घेतले तरी त्या जागी साधारण तेवढ्याच फ्रेम मिळतील. थोडक्यात, कार्ड विकत घेण्याआधीच त्याचा निकाल तुम्हाला घरी पाहता येतो.

एक सूचना. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ४५ टक्के दिसला म्हणून तो मोकळा बसला आहे असे समजू नका. ३६०० मध्ये १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या वाटा) आहेत. खेळाचा मुख्य थ्रेड एका जागी पूर्ण भरला तरी एकूण टक्केवारीत तो आठच्या आसपास दिसतो. म्हणून प्रोसेसरच्या आकड्यापेक्षा कार्डाच्या वापराकडे पाहून निदान करणे अधिक खात्रीचे.

सातारी सिलिकॉन

फ्रेमवेडा यांनी मांडलेले तत्त्व मान्य आहे, फक्त १४४०पी च्या मुद्द्यावर थोडी भर घालतो, कारण तिथे बरेच लोक फसतात.

आज १४४०पी मॉनिटरवर मोठे खेळ खेळणारे बहुतेक लोक डीएलएसएस किंवा एफएसआर चालू ठेवतात. १४४०पी वर डीएलएसएस 'क्वालिटी' निवडले की कार्ड प्रत्यक्षात सुमारे १७०७ × ९६० एवढेच चित्र रंगवते आणि उरलेले गणिताने मोठे करते. हे पिक्सेल १०८०पी पेक्षाही कमी आहेत. म्हणजे मॉनिटर १४४०पी चा असला तरी प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला समतोल १०८०पी च्या जवळचा होतो. याच्या जोडीला रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावली रंगवणे) चालू केले तर प्रकाशकिरणांसाठी दृश्याची जी रचना दर फ्रेमला ताजी ठेवावी लागते, तिचे काही काम प्रोसेसरवरही येऊन पडते. रे ट्रेसिंग म्हणजे केवळ कार्डाची चिंता, असे अनेकजण धरून चालतात; सायबरपंकमध्ये ते खरे नाही.

आता ३६०० विषयी. जुलै २०१९ मध्ये आलेला हा प्रोसेसर त्या काळी फार समतोल होता. त्याच्या आत सहा कोर असले तरी ते तीन-तीनच्या दोन गटांत विभागलेले आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतःची १६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी) आहे. एका गटातल्या कोरला दुसऱ्या गटातली माहिती हवी असेल तर ती इन्फिनिटी फॅब्रिक या आतल्या जोडमार्गातून फिरून आणावी लागते. खेळांचे काम असे असते की एकाच जगाविषयीची माहिती सगळ्या कोरना सतत लागते, त्यामुळे हा वळसा महाग पडतो. रायझनच्या पुढच्या, झेन ३ पिढीतल्या ५६०० मध्ये सहाही कोर एकाच गटात आहेत आणि ३२ एमबी कॅश सर्वांना सामाईक आहे. शिवाय प्रत्येक आवर्तनात होणारे काम सरासरी १९ टक्क्यांनी वाढल्याचे एएमडीने त्या पिढीविषयी जाहीर केले होते. ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी यांत तर कॅशचा आणखी एक थर वर रचून ती ९६ एमबी केली आहे. ५७००एक्स३डीची कमाल गती केवळ ४.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे कागदावर ३६०० पेक्षाही किंचित कमी, तरीही खेळांत तो फार पुढे असतो. रॅमपर्यंतच्या खेपा किती वाचल्या यावर खेळाचा वेग किती अवलंबून आहे, हे दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे तिन्ही प्रोसेसर तुमच्या बी४५० वर बसतात. तेव्हा संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला निदान तुमच्या बाबतीत तरी अनावश्यक आहे.

खरेदी करताना नावांकडे मात्र बारकाईने पाहा. रायझन ५ ५५०० आणि रायझन ७ ५७००, ज्याच्या नावामागे एक्स नाही, हे दोन्ही वेगळ्या चिपवर बनलेले आहेत आणि त्यांत १६ एमबीच कॅश आहे. ५७०० आणि ५७००एक्स यांच्या किमतीत थोडाच फरक दिसतो, आणि 'एका अक्षराने काय होते' असे म्हणून लोक नेमका चुकीचा खोका घरी आणतात.

पहिला डाव

इतका विचार कशाला करायचा? कार्ड घ्या, लावा, खेळा. ३६०० सोबत तुमच्या आताच्या कार्डापेक्षा बरेच मोठे कार्ड मी वापरतो आहे आणि रेड डेड रिडेम्प्शन २ सुंदर चालतो. पैसे वाचवायचे असतील तर इंटेलचे आर्क बी५८० पाहा. १२ जीबी मेमरी आणि किंमत या दोघांपेक्षा कमी.

सातारी सिलिकॉन

रेड डेड रिडेम्प्शन २ बद्दलचा तुमचा अनुभव खरा असणार, कारण तो खेळ वरच्या सेटिंग्जवर बहुतांशी कार्डालाच घाम फोडतो. त्यावरून काउंटर-स्ट्राइक २ विषयी मात्र काही सांगता येत नाही.

बी५८० च्या बाबतीत स्पष्ट इशारा द्यावासा वाटतो, कारण प्रश्नकर्त्याच्या विषयाशी त्याचा थेट संबंध आहे. हे कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये आले तेव्हा पहिल्या चाचण्या सर्वांत वेगवान प्रोसेसरांवर झाल्या आणि निकाल उत्तम दिसले. जानेवारी २०२५ मध्ये काही परीक्षकांनी तेच कार्ड जुन्या आणि मध्यम रायझनवर लावले, तेव्हा अनेक खेळांत त्याची कामगिरी प्रतिस्पर्धी कार्डांपेक्षा कितीतरी जास्त घसरली. इंटेलचा ड्रायव्हर प्रत्येक फ्रेमसाठी प्रोसेसरकडून अधिक काम मागतो हे त्यातून पुढे आले. नंतरच्या ड्रायव्हरांनी काही खेळांत सुधारणा केली आहे, पण ३६०० वर हे कार्ड लावणे म्हणजे आधीच भरलेल्या प्रोसेसरवर आणखी ओझे टाकणे होय.

ड्रायव्हरचा हा प्रकार इंटेलपुरता नाही. २०२१ साली हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूब वाहिनीने दाखवून दिले होते की प्रोसेसर अपुरा पडतो अशा स्थितीत जीफोर्स कार्डे काही खेळांत त्यांच्यापेक्षा दुय्यम समजल्या जाणाऱ्या रेडिऑन कार्डांच्याही मागे पडतात. म्हणून ज्या चाचणीत सर्वोत्तम प्रोसेसर वापरला आहे, तिच्यातला कार्डांचा क्रम तुमच्या घरी तसाच राहील असे गृहीत धरू नये.

कोकणकडा

सर्वांचे मनापासून आभार. फ्रेमवेडा यांनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले.

सायबरपंक, काबुकीचा बाजार, १४४०पी, हाय: साधारण ३६ फ्रेम, कार्ड ९९ टक्के. ७२०पी वर तिथेच ५८ ते ६०, आणि कार्ड ७० टक्क्यांच्या आसपास. शहराबाहेरच्या ओसाड भागात मात्र ७२०पी वर ऐंशीच्या पुढे. रेड डेड रिडेम्प्शन २ मध्ये ७२०पी वर शंभरच्या आसपास. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये १०८०पी, लो सेटिंगवर सरासरी १६० ते १७०, पण धूर आणि गोळीबार एकत्र आला की नव्वदीत घसरते आणि त्या क्षणी कार्ड ७५ टक्क्यांवर असते. व्हॅलोरंटमध्ये दोनशेच्या वर असते, त्याविषयी तक्रार नाही.

टास्क मॅनेजरमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. मेमरीच्या पानावर वेग २४०० आणि '४ पैकी १ स्लॉट वापरात' असे लिहिले आहे. जुळवून देणाऱ्याने १६ जीबीची एकच स्टिक घातली आहे. स्टिकवर मात्र ३२०० लिहिलेले आहे. याचा काही संबंध असेल का?

फ्रेमवेडा

फार मोठा संबंध आहे. प्रोसेसर बदलण्याच्या गोष्टी थोड्या बाजूला ठेवू, कारण तुमचा ३६०० आज स्वतःच्या क्षमतेने चालतच नाही.

डीडीआर४ ची एक स्टिक २४०० वर चालते तेव्हा सैद्धांतिक बँडविड्थ सेकंदाला १९.२ जीबी मिळते. दोन स्टिक दोन चॅनेलमध्ये ३२०० वर चालवल्या की ती ५१.२ जीबी होते. शिवाय रायझनमध्ये इन्फिनिटी फॅब्रिकचा वेग रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो: २४०० वर तो १२०० मेगाहर्ट्झ, ३२०० वर १६००. सातारी सिलिकॉन यांनी दोन गटांमधला जो वळसा सांगितला, तो वळसा तुमच्या संगणकात आणखी सावकाश चालला आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, काही बोर्डांवर तिला डीओसीपी म्हणतात, चालू करा. त्याला एक पैसाही लागत नाही. मग शक्य असल्यास त्याच वेगाची दुसरी १६ जीबीची स्टिक घेऊन मदरबोर्डच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत लावा, साधारणतः प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या. बाजारातल्या जुळवून मिळणाऱ्या संगणकांत एकच स्टिक घालण्याची पद्धत इतकी रुजली आहे की 'प्रोसेसर कमी पडतो' असे कोणी म्हटले की मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो.

तुमच्या मोजमापांविषयी. काबुकीत कार्ड कोणतेही घेतले तरी आजच्या स्थितीत साठच्या वर जाणार नाही. तिथे रे ट्रेसिंग लावले तर त्याहूनही खाली येईल. गर्दीची घनता ठरवणारी एक सेटिंग सायबरपंकमध्ये आहे, ती मध्यमवर आणा; प्रोसेसरची मर्यादा ज्यांनी हलते अशा मोजक्या सेटिंग्जपैकी ती एक. टेक्सचर, प्रतिबिंबे वगैरे कमी करून मात्र काबुकीत काही मिळणार नाही, उगाच चित्र बिघडेल.

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सरासरीपेक्षा ते नव्वदीतले क्षण महत्त्वाचे आहेत. १६५ हर्ट्झच्या मॉनिटरला दर ६.०६ मिलिसेकंदांनी नवी फ्रेम हवी असते. नव्वद फ्रेमच्या वेगाला तीच ११ मिलिसेकंदांनी येते, आणि हे नेमके गोळी झाडण्याच्या क्षणी घडते. सरासरी १६० दाखवणाऱ्या दोन संगणकांपैकी एक लोण्यासारखा आणि दुसरा खडबडीत वाटू शकतो, तो यामुळेच. म्हणून चाचण्या वाचताना सरासरीसोबत दिलेला सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा आकडा जरूर पाहावा. प्रोसेसर, कॅश आणि रॅम यांचा परिणाम सर्वांत आधी तिथे उमटतो.

याची दुसरी बाजूही आहे. कार्ड पूर्ण भरलेले असताना तयार फ्रेम रांगेत थांबतात आणि माउस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ वाढतो. त्यामुळे स्पर्धात्मक खेळांत कार्ड थोडे मोकळे असणे हा दोष नव्हे, उलट फायद्याचे असते. एनव्हीडियाचे रिफ्लेक्स ही रांगच कमी करते. ते चालू ठेवावे.

फ्रेम जनरेशनविषयी विचाराल म्हणून आधीच लिहितो. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवत असल्याने प्रोसेसरवर त्यांचे ओझे पडत नाही, आणि काबुकीतल्या साठच्या शंभर दिसू शकतील. मात्र खेळाचा प्रतिसाद मूळच्या साठचाच, किंबहुना किंचित मंद राहतो. एकट्याने खेळताना चालेल. मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक खेळताना त्याचा उपयोग नाही.

सातारी सिलिकॉन

दोन कार्डांतली निवड करताना बी४५० चा एक बारकावा लक्षात घ्या. या चिपसेटवर प्रोसेसर कोणताही घातला तरी पीसीआय एक्सप्रेस ३.० च मिळते; कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली माहिती याच मार्गाने, त्यातल्या लेनमधून, जाते. आरटीएक्स ५०६० टीआय १६ ऐवजी ८ लेनवर चालते, त्यामुळे तुमच्या बोर्डवर त्याला सेकंदाला जेमतेम ८ जीबीचा मार्ग मिळेल. आरएक्स ९०६० एक्सटीला सगळ्या १६ लेन आहेत, त्यामुळे जवळपास १६ जीबीचा. १६ जीबी मेमरीच्या कार्डावर हा फरक बहुतेक खेळांत फार थोडा जाणवतो, कारण लागणारी सामग्री कार्डावरच मावते. ८ जीबीच्या आवृत्तीत मात्र मेमरी भरली की जास्तीचा माल या मार्गाने रॅममधून सतत ने-आण करावा लागतो, आणि तिथे जुना बोर्ड, कमी लेन आणि अपुरी मेमरी हे तिन्ही एकाच वेळी अंगावर येतात. तुम्ही १६ जीबीच ठरवली आहे, ती स्वस्ताईच्या मोहात बदलू नका.

माझी निवड तुमच्या जागी ९०६० एक्सटी असती: पूर्ण लेन, आणि जुन्या प्रोसेसरवर तुलनेने हलका ड्रायव्हर. सायबरपंकमध्ये पाथ ट्रेसिंगपर्यंत, म्हणजे रे ट्रेसिंगच्या सर्वांत जड प्रकारापर्यंत, जायची हौस असेल तर ५०६० टीआयचा विचार करा. परंतु त्या वर्गाच्या कार्डाने १४४०पी वर ती हौस कितपत भागेल याविषयी मी साशंक आहे. कोणतेही घेतले तरी बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा.

प्रोसेसरपैकी ५७००एक्स३डी नवा आणि वाजवी किमतीत मिळाला तर काउंटर-स्ट्राइकसाठी तोच घ्यावा. न मिळाल्यास ५६०० घेऊन थांबावे, कारण ३६०० वरून साध्या ५७००एक्सवर जाण्यात खेळांपुरता ५६०० पेक्षा फारसा लाभ नाही.

कोकणकडा

एक्सएमपी चालू केले. काबुकीत ७२०पी वर ६६ ते ६७ पर्यंत गेले, काउंटर-स्ट्राइकमधली घसरणही कमी झाली आहे. दुसरी स्टिक मागवली आहे. कार्ड ९०६० एक्सटी १६ जीबी निश्चित करतो. प्रोसेसर बदलायचा झाला तर ५५० वॅट पुरतील का, आणि बी४५० वर ते काम करताना काय सांभाळावे?

विदर्भातला पंखा

वाचत होतो, या शेवटच्या भागाचे काम मी बऱ्याचदा केले आहे म्हणून लिहितो.

९०६० एक्सटीची १६ जीबी आवृत्ती १६० वॅटची आहे आणि ५७००एक्स३डीचा टीडीपी (उष्णतेचा ठरवून दिलेला आकडा) १०५ वॅट असला तरी खेळताना तो त्याच्या बराच खाली राहतो. पॉवर सप्लाय खरोखर चांगल्या प्रतीचा असेल तर ५५० वॅट पुरेसे आहेत. ५६०० च्या खोक्यात पंखा येतो, ५७००एक्स३डीच्या येत नाही. आणि ३६०० सोबत आलेला छोटा पंखा त्यावर लावू नये. वर रचलेल्या कॅशमुळे त्या चिपमधली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. आमच्याकडे मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीला टेकते, तेव्हा एका उभ्या मनोऱ्याचा बऱ्यापैकी कूलर आणि कॅबिनेटला पुढून हवा घेणारे दोन पंखे हा खर्च टाळण्यासारखा नाही. पुढची बाजू काचेने पूर्ण बंद असलेले कॅबिनेट असेल तर कार्ड आणि प्रोसेसर एकमेकांचीच गरम हवा पीत बसतात.

बायोस आधी अद्ययावत करा आणि तो जुना ३६०० जागेवर असतानाच करा. जुन्या बायोसवर नवा प्रोसेसर बसवला तर पडदा काळाच राहतो आणि मग बहुधा ३६०० परत लावावा लागतो. तुमच्या मदरबोर्डच्या पानावर तुमच्या नेमक्या मॉडेलसमोर त्या प्रोसेसरचे नाव आणि बायोसची आवृत्ती दिलेली असते, ती जुळवून पाहा. अद्ययावत झाल्यावर बायोसमधली सगळी मांडणी मूळपदावर जाते, त्यामुळे एक्सएमपी आणि रिसायझेबल बार पुन्हा चालू करावे लागतील.

कोकणकडा

विंडोज पुन्हा टाकावे लागेल का?

विदर्भातला पंखा

नाही. पण प्रोसेसर बदलला की त्याच्या आतले एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारे टीपीएम) बदलते, आणि विंडोज ११ मध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी सोय, चालू असेल तर पहिल्याच वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. बायोस अद्ययावत करतानाही हे होऊ शकते. म्हणून संगणक उघडण्याआधी ती की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवून ठेवा, किंवा एन्क्रिप्शन तात्पुरते स्थगित करा. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात. बायोस मूळपदावर गेल्यावर तीही तपासून घ्या, नाहीतर खेळ उघडणार नाही आणि तुम्ही नव्या प्रोसेसरवर संशय घ्याल.